पंचवीस अणू

माय गटारातून सोनं काढते.
आमगावच्या सराफा ओळीत, पहाटे चारला,
शटर वर जायच्या आधी,
मातीसकट, केसांसकट, विडीच्या थोटकांसकट
सगळं घमेल्यात,
मग नदीवर, काथवटीत.
मनगट असं फिरतं की पाणी जातं, रेती जाते,
जड तेवढं तळाशी.
"सोनं बुडते," ती म्हणते, "तरंगते ते सोनं नोहे."
आमच्या घरचं शास्त्र एवढंच.

मीही चारलाच उठते.
मे महिन्यात प्रयोगशाळेचं छत दुपारी भट्टी होतं
आणि माझं मेद एक्केचाळीस अंशांना वितळतं.
हैदराबादहून बर्फात येते ती चिमूटभर डबी,
चुटेमामा स्टेशनवरून सायकलीनं आणतो
ओल्या पोत्यात गुंडाळून, कुल्फीवाल्यासारखा.
पुस्तक म्हणतं, पाणी गरम करून घ्यावे.
आमच्या टाकीचं पाणी रात्री दहालाही कढत असतं,
तेवढी एक पायरी फुकटात होते.

मेदाच्या कणाचं डोकं पाण्याला धार्जिणं,
दोन शेपट्या पाण्याला भ्यालेल्या.
पाण्यात सोडले की त्यांची दुहेरी रांग लागते,
शेपट्या आत, एकमेकींना चिकटून,
आणि रांग वळत वळत स्वतःला मिटून घेते.
डोळ्यांना दिसते फक्त ताकाची निवळ.

त्या भिंतीत मी सोनं बसवते.
पंचवीस अणूंचं एकेक सोनं.
इतकं थोडं उरलं की ते पिवळेपण विसरतं,
बुडणं विसरतं.
त्यालाही शेपट्या बांधल्यात, गंधकाच्या गाठीनं,
म्हणून ते पाणी टाळून भिंतीत शिरतं,
ना आत, ना बाहेर.
जरा मोठं असतं तर भिंत फाटली असती.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, गोंदियाचा, दीडशेचा.
तो धरला की सोनं लाल उजळतं,
राखेखालच्या विस्तवासारखं.
मोकळं असताना मंद असतं:
शेपट्या झटकत बसतं, मिळालेला उजेड उष्णतेत घालवतं.
भिंतीत दाटीनं बसलं की हलता येत नाही,
मग उजळण्यावाचून त्याला दुसरं काम नाही.
टेंभरे सर म्हणतात, तिप्पट आलं तर पेपर होईल.
अडीचपट येतं.

नगरपंचायतीनं गटारावर फरशा बसवल्या त्या दिवशी
माय पहिल्यांदा कॉलेजात आली.
रिकामं घमेलं कमरेवर,
चपला दाराबाहेर, मी नको म्हणत असताना.
खिडकीला काळा कागद लावला. दाखवलं.
"किती आहे?"
काटा हलणार नाही, म्हटलं.
"मंग बुडत काहून नाही?"
तिनं चंबू हातात घेतला आणि मनगट फिरवलं,
तसंच, नदीवर फिरतं तसं.
मी रोज तसाच फिरवते,
कुणी शिकवलं हे मला आजवर आठवलं नव्हतं.
तळाशी काही आलं नाही.
ती बघत राहिली. टॉर्चची बॅटरी उतरेल म्हणाले नाही.

साडेदहाला लाइन गेली. पंखा थांबला.
पारा बेचाळीसवर, आणि लाल विझत चाललं.
"झोपलं का ते?"
उकाडा होतो त्याला, म्हटलं. भिंत सैल पडते.
तिनं विचारलं नाही पुढचं.
माठातल्या पाण्यात पदर भिजवला,
चंबूभोवती गुंडाळला, दाराच्या फटीतल्या गरम झुळकीत धरला,
लेकराचा ताप उतरवायला धरावा तसा,
बराच वेळ.
पुन्हा टॉर्च लावला.
होतं. थोडं, पण होतं.

नोंदवहीत लिहिलं : तापमान अडतीस.
पद्धत : पदर, सुती, ओला.
सर हे खोडतील.

घमेलं अजून माझ्या टेबलाखाली आहे.
ती विसरली की ठेवून गेली,
मी विचारलेलं नाही.